मृगाच्या आधीची तयारी: खान्देशात बेडकांचे फोटो काढायला निघताना

खान्देशात बेडूक पाहायचे तर सगळी तयारी मे महिन्यातच उरकायला हवी. कोकणात नि घाटमाथ्यावर पाऊस एकदा लागला की महिनोन्‌महिने मुक्काम करतो. आज जमलं नाही तर उद्या, असं तिकडे चालतं. आपल्या तापीकाठच्या सपाटीवर वर्षाचा पाऊसच सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातही मध्ये लांबलचक उघडीप. उन्हाळाभर जमिनीखाली, बांधाच्या दगडांखाली दडून राहिलेले बेडूक पहिल्या दमदार पावसाला एकदम बाहेर पडतात. सगळ्यात मोठा तो बुलफ्रॉग. त्याचे नर त्या दिवसांत पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात, आणि विणीचा जोर ओसरला की पुन्हा हिरवट-तपकिरी होऊन गवतात दिसेनासे होतात. हा सोहळा एखाद-दोन रात्रींत आटोपू शकतो. त्या रात्री तुमची बॅटरी चार्ज नसेल, बूट सापडत नसतील, जागा ठरलेली नसेल, तर पुढचा मृग येईपर्यंत थांबावं लागेल. म्हणून ही यादी पाऊस यायच्या आधी वाचण्यासाठी आहे.

पहिलं काम जागेचं. लांबची जागा नको, घरून अर्ध्या तासात पोचता येईल अशी निवडा, कारण पाऊस संध्याकाळी सातला थांबला तर आठला तुम्ही तिथे असायला हवं. गावतळं चालेल, पाझर तलावाचा उथळ काठ चालेल, पण माझा कौल शेताच्या बांधालगत किंवा रस्त्याकडेच्या खड्ड्यात साचणाऱ्या डबक्याला. बारमाही पाण्यात मासे असतात आणि ते अंडी, पिल्लं फस्त करतात. पावसाळ्यापुरतं साचणारं पाणी त्यामानाने सुरक्षित, म्हणून कितीतरी जाती तिथेच जमतात. मात्र प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्याच्या काठावर रात्री अजिबात जाऊ नका. ओल्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. आत पडलेल्या बेडकांचीही तीच गत होते. मालकाची हरकत नसेल तर एका कोपऱ्यात जाड दोर किंवा जुनं जाळं सोडून ठेवा, त्यावरून ते वर येऊ शकतात.

जागा ठरली की ती एकदा भर उन्हात चालून बघा. कठडा नसलेली विहीर कुठे आहे, मोटारीची केबल कुठून गेली आहे, रानडुकरांसाठी झटका मशीनची तार कोणत्या बांधाने फिरवली आहे, हे रात्री बॅटरीच्या उजेडात कळत नाही. तारेबद्दल शेतकऱ्यालाच विचारा आणि त्या रात्री ती बंद ठेवायला सांगा. गाडी कुठे लावायची तेही आताच ठरवा. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर दुचाकी दहा पावलंही जात नाही, चिखल मडगार्डमध्ये भरून चाकच अडतं. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा आणि पुढे पायी जा.

परवानगी हा यादीतला दुसरा मुद्दा, आणि लोक नेमका तोच विसरतात. विहिरीवरच्या केबल आणि मोटारी चोरीला जातात, त्यामुळे रात्री शेतात बॅटरी घेऊन फिरणारा अनोळखी माणूस गावाच्या दृष्टीने आधी चोरच असतो. दिवसा जाऊन शेतमालकाला भेटा. “आप्पा, पहिला पाऊस झाला की रात्री तुमच्या बांधावर बेडकांचे फोटो काढायला येईन, चालेल ना?” एवढं सरळ विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, वर कुठल्या डबक्यावर जास्त ओरडतात तेही सांगतात. ती माहिती फार मोलाची. त्यांचा नंबर घ्या, पोलीस पाटलांच्याही कानावर घाला, आणि निघताना एक फोन करा. यावल, अनेर किंवा गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही, रात्री तर नाहीच. पालच्या किंवा पाटणादेवीच्या बाजूला जायचंच असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात बोला, नाहीतर हद्दीबाहेरचे नाले बघा. तोरणमाळला समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर धुकं नि गारठा असतो. तिथे मुक्कामाची सोय करूनच जावं, रात्री घाट उतरायचा बेत नको.

आता पिशवी. गुडघ्यापर्यंतचे गमबूट सगळ्यात आधी. बेडूक जमले की दिवड येतो, त्याच्याबरोबर नाग, घोणस आणि मण्यारही येऊ शकतात, आणि घोणस गवतात पडून राहिली तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी हवी, हातात दुसरी हवी, आणि दोन्हींचे जादा सेल हवेत. हातात काठी. फुल पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. एक रिकामं पोतं घ्या, का ते पुढे सांगतो. जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे, हे आधीच चौकशी करून फोनमध्ये लिहून ठेवा. १०८ चा नंबर तर पाठच हवा. दंश झाला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. हातपाय न हलवता सरळ दवाखाना. एकट्याने तर जायचंच नाही.

पहिल्या पावसाला विजा फार असतात, म्हणून फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप असू द्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने केलेलं हे ॲप आसपास वीज पडत असेल तर इशारा देतं. ढगांचा गडगडाट ऐकू आला की गाडीत किंवा पक्क्या घरात जाऊन बसा. एकट्या उभ्या लिंबाखाली, बाभळीखाली थांबणं सगळ्यात वाईट. सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांमध्ये दुसरं भय लोंढ्याचं. डोंगरात पाऊस होतो आणि खाली चांदणं असतानाही पाणी अंगावर येतं. कोरड्या नाल्याच्या पात्रात सामान पसरून बसू नका, फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका.

कॅमेऱ्याबाबत माझं मत असं आहे की महागड्या लेन्सपेक्षा प्रकाश सांभाळणं महत्त्वाचं. ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तमच, पण साध्या मोबाइलवरही ओळख पटण्याइतका चांगला फोटो येतो. बेडकाची कातडी ओली असते, त्यामुळे उघडा फ्लॅश मारला की अंगभर पांढरे डाग चमकतात आणि खरा रंग जातो. फ्लॅशवर उजेड पसरवणारा दुधी प्लॅस्टिकचा डिफ्यूझर लावा, ताकद सोळाव्या हिश्शाच्या आसपास ठेवा, लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ ते एफ ११, शटर १/१६० किंवा १/२००, आयएसओ ४००. इथून सुरुवात करून जागेवर फेरफार करा. मोबाइल असेल तर सोबतच्या माणसाला बॅटरी बाजूने धरायला सांगा आणि तिच्यापुढे पांढरा पातळ कागद धरा. हे सगळं घरी, अंधाऱ्या खोलीत एखाद्या ओल्या वाटीवर आठवडाभर करून बघा. डबक्याकाठी बटणं शोधत बसलात तर बेडकावर उजेडाचा मारा होतो आणि तो गप्प होतो. सामान हवाबंद पिशवीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, लेन्स पुसायला दोन कोरडी फडकी घ्या.

पोतं यासाठी की फोटो बेडकाच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढायचा असतो. उभ्याने काढलेल्या फोटोत फक्त पाठ दिसते. पोतं अंथरून पालथं पडायचं, कोपर टेकवायचे, फोकस डोळ्यावर धरायचा. ओरडणारा नर टिपायचा असेल तर आधी कॅमेरा बाजूला ठेवून त्याचा ताल ऐका. पिशवी फुगते, बसते, पुन्हा फुगते. ताल कानात बसला की बटण कधी दाबायचं ते हाताला आपोआप कळतं.

छोट्या तोंडाचा मायक्रोहायला नावाचा बेडूक नखाएवढा असतो आणि आवाज मात्र सगळ्या बांधावर ऐकू जातो. तो गवताच्या बुडाशी दडलेला असतो. एकट्याने शोधला तर हाती काही लागत नाही. दोघांनी चार-पाच पावलांचं अंतर ठेवून उभं राहायचं, बॅटऱ्या बंद करायच्या आणि गप्प थांबायचं. पावलांच्या आवाजाने थांबलेला एक जण थोड्या वेळाने पुन्हा सुरू करतो, मग बाकीचे सुरू होतात. आता दोघांनी आपापल्या जागेवरून आवाजाच्या दिशेने हात करायचा आणि दोन्ही रेषा मिळतात तिथे बॅटरी लावायची. पाठीवर गडद नक्षी असलेला इवलासा जीव तिथेच बसलेला असतो. मला या कामात सगळ्यात आनंद देणारा क्षण हाच वाटतो.

ओळखीसाठी कोणते फोटो हवेत तेही आधी लिहून न्या, कारण जागेवर भान राहत नाही. बाजूने एक, म्हणजे डोळा आणि त्यामागची कानाची गोल चकती दिसेल. वरून एक. मागच्या पायाचा एक, बोटांमध्ये पडदा किती आहे ते कळायला. मातीत गाडून घेणाऱ्या जातींच्या मागच्या पायाच्या तळव्याला खणायला उपयोगी पडणारा कडक उंचवटा असतो. न्हाणीघरात शिरणाऱ्या झाडबेडकाच्या बोटांची टोकं चपटी, रुंद असतात. डोळ्यामागे दोन जाड फुगवटे आणि अंगभर खरखरीत गाठी असतील तर तो भेक. त्या फुगवट्यांत विष असतं, ते डोळ्यात गेलं तर आग होते. चामखीळ मात्र त्याच्यामुळे येत नाही. फोटोबरोबर फोनवर आवाज रेकॉर्ड करा. दिसायला सारख्या जाती कित्येकदा आवाजावरूनच वेगळ्या काढता येतात.

सॅलॅमँडरची आशा धरून निघू नका. शेपटीवाले हे उभयचर भारतात फक्त पूर्वेकडच्या डोंगरांत, दार्जिलिंग, मणिपूर अशा भागांत आहेत. महाराष्ट्रात एकही जात नाही. दगडाखाली चकचकीत, लांबुडकं, चार पायांचं काही दिसलं तर ती सापसुरळी. तिच्या अंगावर खवले असतात, उभयचरांच्या अंगावर नसतात.

सगळ्यात जास्त काळजी हातांची. बेडूक कातडीतून पाणी घेतो, श्वासही घेतो, म्हणजे तुमच्या हातावर जे असेल ते त्याच्या अंगात जातं. डास पळवायचं मलम, क्रीम, अत्तर यातलं काही हाताला नको. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने तर बेडकाला हातच लावू नये, आणि दशमी-ठेचा खाल्लेला हातही चालणार नाही. खाणं आधी उरका, हात साध्या पाण्याने खळखळून धुवा. तरीही नियम एकच, उचलायचं नाही. फोटोसाठी त्याला दगडावर नेऊन बसवू नका, उलटा करू नका, जोडीला बसलेल्या नर-मादीला हलवू नका. डबक्यात उतरूही नका, उथळ पाण्यात भेकाच्या अंड्यांच्या लांब माळा पसरलेल्या असतात आणि त्या पायाखाली तुटतात. झाडबेडकाचं फेसाचं घरटं पाण्यावरच्या फांदीला दिसलं तर लांबूनच टिपा.

बूट धुणं हेही तयारीतच धरा. उभयचरांना मारणारी कायट्रिड नावाची बुरशी जगभर पसरली आहे, भारतातही सापडली आहे, आणि ती ओल्या चिखलाबरोबर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते. गाडीत एक ब्रश आणि पाण्याचा कॅन ठेवा. एका डबक्यावरून दुसरीकडे जाण्याआधी सगळा चिखल काढा, आणि घरी आल्यावर बूट उन्हात पूर्ण वाळवा. एका रात्रीत एकच जागा करणं त्याहून सोपं.

जाताना शेवटचे एक-दोन किलोमीटर गाडी अगदी हळू चालवा. पहिल्या पावसात बेडूक रस्ता ओलांडत असतात आणि चाकाखाली जातात. भारताने १९८७ साली बेडकांच्या पायांच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा निर्यातीसाठी होणारी त्यांची राजरोस कत्तल थांबली. आज खान्देशात त्यांना गाड्या, बुजलेले खड्डे आणि फवारे पुरेसे आहेत. फोटो लोकांना दाखवताना गावाचं नाव सांगा, डबक्याची नेमकी जागा सांगू नका, नाहीतर पुढच्या पावसात तिथे गर्दी होते.

परत आल्यावर झोपायच्या आधी तीन गोष्टी करा: बॅटऱ्या चार्जिंगला लावा, सिलिका जेल बदला, आणि वहीत तारीख, वेळ, पाऊस किती वेळ झाला, कोण ओरडत होतं ते लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस झाला तर लगेच निघता यायला हवं.