मुंबईतल्या कुंडीतल्या लिंबाला आता ताण द्या

झाड हिरवंगार आहे, पण फूल नाही. गच्ची-गॅलरीतल्या लिंबाबद्दल ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा झाडात खोट नसते, त्याला विश्रांती मिळालेली नसते. थंड देशांत हे काम हिवाळाच करतो. पारा साधारण 13 अंशांखाली गेला की लिंबूवर्गीय झाडांची वाढ थांबते आणि पुढे ऊब मिळाली की ती फुलतात. तिथल्या लोकांची धडपड कुंड्या हिमापासून वाचवायची. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत पहाटे 16-17 अंश झाले की आपले स्वेटर निघतात, पण झाडाला तेवढी थंडी पुरत नाही. म्हणून संत्रा-लिंबाचे बागायतदार आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, करतात तेच इथे छोट्या मापात करायचं: पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा.

शेतातला हिशेब मात्र कुंडीला लावू नका. शेतात जमिनीनुसार महिना ते दोन महिने ताण देतात. 16-18 इंची कुंडीतली माती चार-पाच दिवसांतच कोरडी पडते. त्यामुळे दिवस मोजण्यापेक्षा पानं बघा. दुपारी पानं मलूल होणं साहजिक आहे, पण सकाळीही ती मलूल आणि कडा आत वळलेल्या दिसल्या तर कपभर पाणी द्या आणि पुन्हा थांबा. असे दहा-पंधरा दिवस पुरे. थोडी जुनी पानं गळाली तर गळू देत. कोवळे शेंडे सुकू लागले तर मात्र ताण तिथेच तोडा. दोन वर्षांच्या आतलं रोप, नुकतं कुंडी बदललेलं किंवा फळांनी लगडलेलं झाड या भानगडीत पडू नये.

ऊन नसेल तर ताणाचा उपयोग नाही. थंडीच्या या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या ग्रिलमध्ये ऊन आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या गॅलरीत ते येतच नाही. तिथली कुंडी निदान पाच-सहा तास उन्हात हलवा. गच्चीसाठी सोसायटीच्या कमिटीला विचारावं लागेल, आणि बागकामातलं सर्वांत अवघड काम बहुधा तेच! एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर झाड ठेवू नका. शेजारी बांधकाम चालू असेल तर पानांवरची धूळ आठवड्यातून एकदा धुवा.

ताण संपला की वरची दोन इंच माती मुळं न दुखावता मोकळी करा. दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. मग पहिलं पाणी, म्हणजे आंबवणी, हलकंच द्या. तीन-चार दिवसांनी दुसरं पाणी, म्हणजे चिंबवणी, थोडी जास्त. त्यानंतर नेहमीचं पाणी. तहानलेल्या झाडावर एकदम बादली ओतली तर फुलं धरायच्या आधीच गळतात. कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे याच वेळी काढून टाका. ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे असतात, त्यांना तुमचं लिंबू लागणार नाही.

नवी पालवी आली की नागअळी येतेच. पानावर चंदेरी वेडीवाकडी रेघ दिसली तर तेवढी पानं खुडा आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल व थोडा साबण घालून फवारा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते, ती हातानेच उचला. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर जस्त-लोहाची कमतरता समजा, नर्सरीत मिळणारं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणात फवारा.

वाटाण्याएवढी फळं बरीच गळतात. झाड आपल्याला झेपतील तेवढीच ठेवतं, म्हणून त्या वेळी खताचा मारा करू नका. पाण्याची वेळ तेवढी चुकवू नका.