शिसवीचा फिंगरबोर्ड: खाचा आणि चिकटवणं

गिटारच्या फिंगरबोर्डाला, म्हणजे नेकवर (दांड्यावर) तारांखाली चिकटवायच्या पट्टीला, ५०० × ७० × ९ मिमीची फळी पुरते. जांभळट-काळा गाभा घ्या, पिवळट कड नको. टोकाच्या कापावर रेघा उभ्या दिसायला हव्यात; अशी फळी पावसाळ्यात रुंदीला कमी फुगते. आणल्या दिवशीच करवत लावू नका. आडव्या पट्ट्यांवर ठेवा, दर आठवड्याला वजन करा. महिनाभर काटा हलला नाही म्हणजे फळी वाळली. अर्धवट वाळलेली फळी नंतर उन्हाळ्यात आकसते आणि फ्रेटची (खाचांत ठोकलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं कडेबाहेर येऊन बोटांना ओरबाडतात.

रंधा मारताना मास्क हवाच. शिसवीचा भुसा नाकाला झोंबतो, काहींच्या अंगावर पुरळही उठतं.

फळी ६ मिमीवर आणा आणि खाचा ती चौकोनी असतानाच पाडा. निमुळती केल्यावर गुण्या टेकवायला कड उरत नाही. स्केल (तारेची मोकळी लांबी) ६४८ मिमी असेल तर ६४८ भागिले १७.८१७ (हा ठरलेला भाजक), म्हणजे ३६.३७ मिमीवर पहिला फ्रेट. उरलेल्या ६११.६३ ला पुन्हा भागलं की ३४.३३, म्हणून दुसरा नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) ७०.७० वर. बारावा बरोबर ३२४ वर यायला हवा. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. पट्टी पुढे सरकवत गेलात आणि दर वेळी ०.२ मिमी चुकलात, तर विसाव्या फ्रेटपर्यंत ४ मिमी जमतात.

खाच फ्रेटच्या पायाच्या मापाचीच हवी, बहुधा ०.५८ मिमी. शिसवी दबत नाही; खाच अरुंद राहिली की प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा बसतो आणि वीस पाचरी मिळून नेक मागे वाकवतात. ३०५ मिमी त्रिज्येची गोलाई दिल्यावर ५६ मिमी रुंदीच्या कडेला सुमारे १.३ मिमी लाकूड जातं, तेवढी खाचही उथळ होते. करवत परत फिरवा.

चिकटवताना खरा वैरी म्हणजे लाकडातलं तेल. अॅसिटोनचा फडका जांभळा व्हायचा थांबेपर्यंत पुसा आणि पंधरा मिनिटांत चिकटवा. उशीर झाला तर तेल पुन्हा वर येतं. पांढऱ्या फेविकॉलातलं पाणी फळी खालून फुगवतं, म्हणून इपॉक्सी बरं. ट्रस रॉडवर (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईवर) टेपची पट्टी ठेवा, नाहीतर इपॉक्सी आत उतरून रॉड जाम होतो. क्लॅम्प आवळताना फळी हमखास घसरते: पहिल्या आणि अकराव्या खाचेत १.५ मिमीची एकेक पिन ठोका, चोवीस तासांनी उपटा.