आपली श्रद्धा कोणती आणि संघटित धर्म कोणता, हे कसे तपासावे

'माझी श्रद्धा आहे, पण धर्माशी मला देणेघेणे नाही' असे सांगणारी माणसे भेटतात, तशीच मनात श्रद्धेचा लवलेश नसताना सगळे विधी बिनचूक पार पाडणारीही भेटतात. दोघांनाही एक प्रश्न सहसा अडचणीत टाकतो: तुम्ही जे करता, त्यातले तुमचे स्वतःचे किती आणि संस्थेकडून आलेले किती? एरवी हा प्रश्न टाळता येतो. मात्र भिन्न धर्माच्या व्यक्तीशी विवाह ठरतो, मुलाला दीक्षा द्यायची की नाही हे ठरवायचे असते, किंवा ज्या धर्मसंस्थेत आयुष्य गेले तिच्याशीच बिनसते, तेव्हा उत्तर द्यावेच लागते. त्यासाठी शांतपणे आणि शक्यतो कागदावर करण्याजोगी एक तपासणी येथे दिली आहे.

आधी दोन्ही बाजूंची सीमा पाहू. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९०१-०२ मध्ये एडिंबरा येथे दिलेल्या व्याख्यानांत, माणूस ज्याला दैवी मानतो त्याच्याशी एकांतात जुळलेल्या नात्यातून येणाऱ्या भावना, कृती आणि अनुभव यांनाच आपल्या विवेचनापुरते धर्म मानले आणि संस्थांचा भाग जाणूनबुजून बाजूला ठेवला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९१२ मध्ये, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी नेमकी उलटी बाजू उचलून धरली: पवित्र मानलेल्या गोष्टींभोवतीच्या श्रद्धा आणि आचार माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात, आणि त्या समुदायावाचून धर्म संभवतच नाही. दोघांपैकी एकाला खरे ठरवण्याची गरज नाही. आपल्या कामापुरते एवढे पुरे की जिथे सभासदत्व, अधिकारी, मालमत्ता, नियम आणि नियमभंगासाठी शिक्षा आहे, तिथे संघटित धर्म आहे. आणि यांपैकी काहीही नसताना जे उरते, ती वैयक्तिक श्रद्धा होय. ती देवावरच असावी असे नाही, एखाद्या तत्त्वावर किंवा मार्गावरही असू शकते.

आता धर्माच्या नावाखाली तुम्ही वर्षभरात जे जे करता, ते एका कागदावर लिहून काढा. प्रार्थना, उपवास, ग्रंथवाचन, सामूहिक उपासनेतील हजेरी, देणगी, खाण्यापिण्याचे निर्बंध, पोशाख, सण, धर्मगुरूंचा सल्ला, असे सगळे त्यात यावे. 'मी सश्रद्ध आहे' यासारखी मोघम विधाने लिहू नयेत, कारण ती तपासता येत नाहीत. मग प्रत्येक बाबीपुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. हे कोणाला कधीच कळणार नसेल, तर मी ते करीन का? संस्थेने उद्या याला मनाई केली, तर मी थांबेन का? आणि मी हे सोडले, तर पहिला जाब मला कोण विचारील: माझे मन, घरचे, की संस्थेचा कोणी अधिकारी? तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. पहिल्या दोन प्रश्नांना आपण स्वतःला शोभेल असे उत्तर देतो. जाब कोण विचारील हे मात्र आपल्याला अनुभवाने पक्के ठाऊक असते.

देणगीचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. एखादी व्यक्ती दरवर्षी प्रार्थनास्थळाला ठरावीक रक्कम देते, पावती घेते आणि देणगीदारांच्या यादीत नाव आले आहे का हेही पाहते. पहिल्या प्रश्नावर ती अडखळते, कारण नाव छापले नाही तर रक्कम निम्मी होईल, हे तिला स्वतःलाच कळते. मग उरलेली निम्मी श्रद्धेची म्हणावी का? तसे म्हणता येईल, पण यादीपायी दिलेल्या रकमेलाही खोटी ठरवू नये. समुदायाचा खर्च सभासदांनी उचलावा ही जाणीवसुद्धा रास्तच आहे, फक्त तिचे नाव वेगळे आहे. तिच्यापोटी दिलेल्या पैशाचा हिशेब विश्वस्तांकडे निःसंकोच मागावा. श्रद्धेपोटी दिले म्हणून हिशेब विचारायचा नाही, असे सांगितले जाते तेव्हा दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ केली जात असते आणि तिचा फायदा बहुधा देणाऱ्याला होत नाही.

अंत्यविधीच्या बाबतीत मात्र ही तपासणी चालत नाही. एरवी धर्मसंस्थेकडे न फिरकणारी माणसेही अशा वेळी ठरलेले शब्द आणि ठरलेला क्रम मागतात. यात ढोंग नाही. दुःखात असलेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत, आणि परंपरेने ते आधीच तयार ठेवलेले असतात.

संस्थेशी मतभेद झाला असेल, तर तक्रार नेमकी कशाविषयी आहे हे लिहून काढा: शिकवणुकीविषयी, पदाधिकाऱ्यांविषयी, की सोबतच्या माणसांविषयी. इस्लामी धर्मचिंतक अल्-गझाली यांनी १०९५ मध्ये बगदादच्या निझामिया विद्यापीठातील मानाचे अध्यापनपद सोडले. कीर्तीचा मोह आपल्या अध्यापनामागे आहे, हे त्यांना जाचत होते. त्यांनी धर्म सोडला नाही, पद सोडले, आणि पुढे काही वर्षांनी ते निशापूरमध्ये पुन्हा शिकवू लागले. याउलट तत्त्वज्ञ बारूख स्पिनोझा यांचा वाद शिकवणुकीशी मानला जातो. १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ज्यू समुदायाने त्यांना बहिष्कृत केले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. त्यांनी नंतर दुसरा कोणताही धर्म स्वीकारला नाही, पण ईश्वराविषयीचा विचारही थांबवला नाही. गझालींची अडचण असणाऱ्याने स्पिनोझांचा मार्ग धरला, तर नुसत्या पदाच्या किंवा माणसांच्या रागापायी त्याची श्रद्धाही हातची जाते.

या तपासणीतून एक चुकीचा निष्कर्ष फार सहज निघतो: श्रद्धा तेवढी निर्मळ आणि संस्था तेवढी भ्रष्ट. तो मला पटत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती जमलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी पगारी धर्मगुरू नाकारले आणि शांत बसून अंतःप्रेरणेची वाट पाहणे हीच उपासना मानली. तरीही लवकरच त्यांच्या मासिक सभा सुरू झाल्या, नोंदवह्या आल्या, आणि पंथाबाहेर विवाह करणाऱ्यांचे सभासदत्व काढून घेण्याचा नियमही आला. पुढच्या पिढीपर्यंत काही पोचवायचे, तर कोणीतरी वेळ ठरवावी लागते, जागा झाडावी लागते, लिहून ठेवावे लागते. तुम्ही एकांतात म्हणता त्या प्रार्थनेचे शब्दसुद्धा बहुधा अशाच कोणीतरी जपून ठेवलेले असतात. हजेरीवरूनही निदान करू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९६७ मध्ये मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो: कोणी धर्म जगतो, तर कोणी तो वापरतो, आणि हे दोघेही एकाच रांगेत बसलेले असू शकतात.

हक्कांच्या बाबतीत संभ्रम असेल, तर १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील अठरावे कलम वाचावे. धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचे, आणि ती एकट्याने किंवा इतरांसह, खासगीत किंवा जाहीरपणे पाळण्याचे स्वातंत्र्य त्यात एकत्रच दिले आहे. म्हणजे एकट्याने प्रार्थना करणाऱ्याला संस्थेच्या परवानगीची गरज नाही, आणि समुदायात राहणाऱ्याला त्याबद्दल कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

कागद पूर्ण झाल्यावर लगेच काही सोडू नये किंवा नव्याने स्वीकारूही नये. ज्या बाबींपुढे तिन्ही उत्तरे संस्थेकडे बोट दाखवतात, त्यांतली एखादीच निवडून काही महिने थांबवून पाहावी आणि उणीव कशाची भासते ते टिपावे: प्रार्थनेची, की प्रार्थनेनंतर दारात थांबून बोलणाऱ्या माणसांची. विवाहाचा किंवा मुलाच्या दीक्षेचा निर्णय समोर असेल, तर जोडीदाराने आपला कागद स्वतंत्रपणे भरावा आणि दोन्ही कागद भरून होईपर्यंत एकमेकांना दाखवू नयेत.