कॅमेऱ्याआधी कोयंडा : घरासाठी सुरक्षा-उपकरणे निवडताना

मे महिन्यात किंवा गणपतीत कुटुंब गावी गेले की बंद घरे फोडल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांत ‘कडीकोयंडा उचकटून’ हे शब्द हमखास असतात. कुलूप कितीही महागडे असले, तरी ते ज्या कोयंड्यात अडकवायचे तो चार आखूड स्क्रूंवर तगलेला असतो आणि कटावणीच्या एका हिसक्याने निघून येतो. शिवाय बाहेर लटकणारे कुलूप घरात कोणी नसल्याची वर्दी जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला देत असते. दुकानदार मात्र बोलणे मेगापिक्सेलपासून सुरू करतो. चोराला अडवणारे आधी, ओरडणारे त्यानंतर आणि चित्रीकरण करणारे शेवटी, या क्रमाने खर्च करावा, असे माझे मत आहे.

मुख्य दाराला जाडीतच बसणारे आणि चावी फिरवल्यावर ज्याचा दांडा चौकटीत खोल शिरतो असे मॉर्टिस कुलूप घ्यावे. नुसते ओढून लावलेल्या लॅचवर विसंबू नये, कारण त्याचा स्प्रिंगवरचा तिरका खटका फटीतून पट्टी सरकवून मागे ढकलता येतो. चौकटीवरची, दांडा जिच्यात शिरतो ती पट्टी लाकडात खोलवर जाणाऱ्या लांब स्क्रूंनी बसवून घ्यावी; सुतार घाईत असला तर हेच काम हमखास राहते. दार आतून पोकळ असेल, तर आधी ते बदलावे किंवा बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर लावावे. डिजिटल कुलूप घेताना बॅटरी पूर्ण उतरल्यावर बाहेरून तात्पुरती वीज देण्याची किंवा साध्या चावीने उघडण्याची सोय आहे ना, हे पाहावे. खिडक्यांना ग्रील बसवताना एका ग्रीलला आतून उघडणारी झडप ठेवावी, कारण आग लागल्यास तीच बाहेर पडण्याची वाट ठरू शकते.

दार उघडताच भोंग्याला इशारा देणारा, दार आणि चौकट यांवर बसणारा दोन तुकड्यांचा चुंबकीय सेन्सर स्वस्त असतो आणि सहसा फसत नाही. शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपणारा सेन्सर मात्र उन्हाच्या खिडकीसमोर लावू नये. त्याच्या भिंगावरून पाल फिरली तरी तो वाजू शकतो, आणि असा भोंगा दोन-तीनदा उगाच वाजला की शेजारी लक्ष देईनासे होतात.

कॅमेऱ्याच्या बाबतीत आकड्यांपेक्षा जागा महत्त्वाची आहे. दहा फूट उंचीवरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यात चेहऱ्याऐवजी टोपी दिसते, म्हणून दारासमोरचा कॅमेरा सात-आठ फूट उंचीवर असावा. दारापुरत्या जवळच्या अंतरासाठी २ मेगापिक्सेल पुरतात. मागून उजेड येणाऱ्या बोळात डब्ल्यूडीआरची (एकाच चित्रातला फार उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळण्याची) सोय असलेला आणि पावसाच्या माऱ्यात आयपी ६६ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारा कॅमेरा निवडावा. रात्री भिंगापुढचे कोळ्याचे जाळे इन्फ्रारेडमध्ये चमकते आणि फोनवर सूचनांचा सडा पडतो, त्यामुळे अधूनमधून ते पुसणे आलेच. साठवण आधी मोजून घ्यावी : २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) वेगाने अखंड चित्रीकरण केल्यास एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी जागा घेतो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबीची हार्डडिस्क जेमतेम अकरा-बारा दिवस पुरते. महिनाभर गावी राहणाऱ्यांनी मोठी हार्डडिस्क घ्यावी किंवा हालचाल झाल्यावरच चित्रीकरण होईल अशी मांडणी करावी. डीव्हीआर, म्हणजे ही हार्डडिस्क असलेला चित्रीकरण साठवणारा डबा, टीव्हीशेजारी न ठेवता माळ्यावरच्या कुलूपबंद कप्प्यात, हवा खेळेल असा ठेवावा. तो चोराच्या हाती लागला, तर सगळे चित्रीकरण त्याच्याबरोबर जाते.

कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने असेच न बदललेले पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. सामायिक जिन्यात कॅमेरा लावायचा असल्यास सोसायटीची परवानगी घ्यावी आणि शेजाऱ्यांचे दार चित्रात येणार नाही असा त्याचा कोन ठेवावा.

पैसे देण्यापूर्वी तंत्रज्ञासमोरच घराचा मेन स्विच बंद करावा. कॅमेरे आणि डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतात, पण इंटरनेटचा राउटर जोडायचा राहून गेलेला असतो. तो त्याच वेळी जोडून घ्यावा आणि वीज बंद असतानाच दार उघडून फोनवर सूचना येते का, हे पाहावे.