कंपनीच्या वाट्याने तुमची पीएफ मर्यादा भरते का?

पगारपत्रक समोर घ्या आणि आधी बेसिक अधिक महागाई भत्ता हा आकडा शोधा. पीएफचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो, सीटीसीवर (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चावर) नाही.

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत 40,000 बेसिकवर काम करणारा, महागाई भत्ता नसलेला माणूस धरू. त्याच्या पगारातून 12 टक्के, म्हणजे 4,800 रुपये कापले जातात आणि कंपनी तेवढेच घालते. पीएफच्या पासबुकात मात्र कंपनीच्या रकान्यात 3,550 दिसतात. पैसे बुडालेले नाहीत. उरलेले 1,250 शेजारच्या पेन्शनच्या रकान्यात आहेत, 15,000 चे 8.33 टक्के. पेन्शनसाठीची ही 15,000 ची कमाल सप्टेंबर 2014 पासूनची.

त्या तारखेत एक मेख आहे. 1 सप्टेंबर 2014 नंतर जो पहिल्यांदाच पीएफमध्ये आला आणि ज्याचं बेसिक रुजू होतानाच 15,000 च्या वर होतं, तो पेन्शनचा सभासद होत नाही. त्याचे कंपनीकडचे सगळे 4,800 पीएफमध्येच यायला हवेत. पगार विभागाने सवयीने 1,250 पेन्शनला वळवले, तर पुढे खातं बदलताना किंवा पैसे काढताना क्लेम अडकतो. दुरुस्ती कंपनीमार्फतच होते, म्हणून पहिल्याच महिन्याचं पासबुक उघडून बघा. नोकरी सोडून पाच वर्षं झाल्यावर जुन्या कंपनीत सही कोण देणार?

दुसरी गोष्ट ऑफर लेटर घेतानाच विचारायची. पूर्ण बेसिकवर भरायची सक्ती कंपनीवर नाही. ती 15,000 वर थांबू शकते. तसं झालं तर तिचा वाटा 1,800, आणि त्यातले 1,250 पेन्शनला गेले की पीएफमध्ये फक्त 550 उरतात. 3,550 आणि 550! सारख्याच सीटीसीच्या दोन ऑफर असतील तर आधी हे ताडून बघा.

आता मर्यादा. स्वेच्छेने जादा भरायचं तर व्हीपीएफ, बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 100 टक्क्यांपर्यंत. त्यावर कंपनी आपला वाटा वाढवत नाही, पण व्याज पीएफइतकंच मिळतं. वर्षाला तुमचा स्वतःचा भरणा 2,50,000 च्या वर गेला की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो, आणि तो दरवर्षी लागत राहतो. इथे बरेच जण दोन्ही वाटे मिळून अडीच लाख धरतात आणि विनाकारण कमी भरतात. कंपनीचा वाटा यात मोजायचाच नाही. महिन्याला 20,833 पर्यंत जागा, त्यातून 4,800 वजा केले की व्हीपीएफसाठी 16,033 उरतात, 16,000 लावा. जुन्या करपद्धतीतली दीड लाखाची वजावटही फक्त तुमच्याच भरण्यावर मिळते.

कंपनीच्या वाट्याला वेगळी मर्यादा आहे: पीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि सुपरअ‍ॅन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) मिळून वर्षाला साडेसात लाख. वरची रक्कम तुमच्या करपात्र पगारात धरली जाते. नव्या करपद्धतीत कंपनीने एनपीएसमध्ये घातलेल्या रकमेवर बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, पण तेही या साडेसात लाखांत मोजलं जातं. मोठ्या पगाराच्या माणसाचा घोळ इथेच होतो.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदललीत तर दोन्ही ठिकाणचा भरणा एकत्र करून बघा. नव्या कंपनीला जुन्या भरण्याचा पत्ता नसतो, मर्यादा मात्र माणसाला एकच.

व्हीपीएफचा आकडा ठरवताना चवथीचा, म्हणजे गणपतीचा, खर्च आधी बाजूला काढा. बऱ्याच कंपन्या हा आकडा वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये बदलू देतात; ऑगस्टमध्ये हात आखडला तरी कपात चालूच राहते. कंपनीने मागच्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. त्यानंतर आठवडाभर थांबून उमंग या सरकारी अ‍ॅपवर पासबुकाचे तिन्ही रकाने (तुमचा, कंपनीचा, पेन्शनचा) तपासा. कपात झाली आणि नोंद नाही, असं झालं तर आधी पगार विभागाला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर पगारपत्रक जोडून पीएफ संघटनेच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक) घालून तक्रार नोंदवा.