नोकरी-धंदा सांभाळून एमबीए: फॉर्म भरण्याआधीची तयारी

फॉर्म उघडण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि तुमचे मरमर धावायचे महिने लाल पेनाने घेरून टाका. बरेच जण फी, सिलॅबस, पुस्तकं असं सगळं बघतात आणि हेच तेवढं बघत नाहीत. इग्नूच्या, म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, सत्रान्त परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. तुमचं कृषी केंद्र असेल तर मृगाच्या तोंडावर बियाणं आणि युरियासाठी दुकानाबाहेर रांग लागलेली असते, त्या दिवसांत फायनान्सचा पेपर द्यायला कोण सोडणार तुम्हाला? जिनिंगमध्ये अकाउंट्स बघत असाल तर उलटं. जून मोकळा, पण दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की डिसेंबर कधी आला हे कळतही नाही. सराफ बाजारातल्या माणसाला अखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराई, बँकेतल्याला मार्च एंड. इग्नूत एमबीए कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पुरं करता येतं आणि कोणत्या सत्रात किती पेपर द्यायचे हे तुमच्या हातात असतं. त्यामुळे जड पेपर मोकळ्या सत्रात, एखाददुसरा हलका पेपर सीझनमध्ये, अशी विभागणी प्रवेशाच्या आधीच कागदावर करून ठेवा. दोन वर्षांतच उरकायचं ही घाई कॉलेजच्या पोरांना शोभते.

मग ‘पार्ट-टाइम’ म्हणजे नक्की काय हवंय ते ठरवा. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेत नोकरदारांसाठी तीन वर्षांचे पार्ट-टाइम अभ्यासक्रम आहेत, नाव मोठं आहे, पण संस्था चर्चगेटला आणि आपण जळगावला. मधलं अंतर चारशे किलोमीटरच्या वर. बदली मुंबईला होणार असेल तरच तिकडे बघा. गिरणेकाठचं आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जवळचं, पण पूर्णवेळ एमबीएला राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि वर्ग दिवसा भरतात, हजेरी लागते. दुकानाचं शटर किंवा ऑफिसचं मस्टर सांभाळणाऱ्याला ते जमत नाही. म्हणून धुळे, जळगाव, नंदुरबारमधल्या बहुतेकांसाठी खरी निवड उरते ती दूरशिक्षणाची: नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना 1989) किंवा दिल्लीचं इग्नू (स्थापना 1985). इग्नूच्या एमबीएला आता प्रवेश परीक्षा नाही, पदवीला खुल्या गटात 50 टक्के आणि राखीव गटात 45 टक्के लागतात.

दूरशिक्षणाची डिग्री चालते का, हा प्रश्न चहाच्या टपरीवर अजूनही निघतो. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन मिळवलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. मात्र मान्यता बघायची ती नुसत्या विद्यापीठाची नव्हे, त्या अभ्यासक्रमाची आणि तुम्ही प्रवेश घेताय त्या सत्राची. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते. ती स्वतः उघडा, पान सेव्ह करून ठेवा. ‘आम्ही अमुक विद्यापीठाचे अधिकृत पार्टनर, सीट संपत आल्या’ असे फोन येतील. फ्रँचायझीमार्फत शिकवणं यूजीसीच्या नियमात बसत नाही. फी भरायची ती विद्यापीठाच्याच पोर्टलवर, कुणाच्या यूपीआयवर नाही.

आता कागदपत्रं, आणि इथे जरा थांबू या, कारण खरी गाडी इथेच अडकते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव गायब. एकट्यादुकट्या कागदात काही वाटत नाही, तिन्ही समोर ठेवले की तीन वेगळी माणसं दिसतात. 2024 पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो आणि तो काढायला एबीसी आयडी लागतो, म्हणजे ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिटमधलं तुमचं खातं. ते आधारवरच्या नावाने निघतं. नावातलं ‘राव’, ‘बाई’, एखादी वेलांटी, काहीही जुळलं नाही की पुढे भांडत बसा. म्हणून आधी नाव एकसारखं करून घ्या, मग आयडी. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींनी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडायची तयारी ठेवावी. गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं, ही तर आपल्याकडे घरोघरची गोष्ट.

एक खास खान्देशी अडचणही आहे. आपल्या विद्यापीठाचं नाव 2018 मध्ये बदललं. त्याआधीच्या पदवीवर नुसतं ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आहे. बाहेरच्या क्लार्कला ही दोन विद्यापीठं वाटू शकतात, तेव्हा फॉर्ममध्ये पदवीवर छापलंय तेच नाव टाका. विद्यापीठ 1990 चं, त्यामुळे त्याआधी पदवी घेतलेल्या काकांच्या कागदावर पुणे विद्यापीठ असतं. काही ठिकाणी मायग्रेशन (विद्यापीठ बदलाचा दाखला) आणि मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. माहितीपुस्तिकेत शोधा, सेतू केंद्रातल्या मुलाला विचारून चालणार नाही. राखीव गटातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि ओबीसींनी नॉन-क्रीमीलेयरची मुदतही बघून घ्या. शेवटी सगळं स्कॅन करून स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवा, म्हणजे मोबाइल बदलला तरी सापडतं.

नोकरीत असाल तर आस्थापना विभागात जाऊन दोन प्रश्न विचारा: परवानगी लागते का आणि या पदवीने सेवापुस्तकात काही फरक पडतो का. सरकारी नोकरीत परवानगी आधी, प्रवेश नंतर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तरी एमबीए करायला माझी हरकत नाही, फक्त बढतीच्या आशेवर करू नका. पैशांचं फार लिहीत नाही. दोन्ही मुक्त विद्यापीठांची फी खासगीच्या मानाने कमी आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत फीची वजावट मुलांच्या शिक्षणाला मिळते, स्वतःच्या नाही, एवढं लक्षात ठेवा.

घरच्यांशी बोलणं मात्र आधी. ‘आता शिकून काय करशीन भो?’ हे मित्रांनी म्हटलं तर हसून सोडता येतं, घरात तसं नाही. मुलाची दहावी त्याच वर्षी आहे का, श्रावणात कानबाई देवी तुमच्याकडे बसते का, धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय का, हे विचारून मगच सत्र पक्कं करा. रोज रात्री नऊ ते साडेदहा दार लोटून बसणार, हे आईला आणि बायकोला किंवा नवऱ्याला स्पष्ट सांगा. ‘जमेल तेव्हा वाचेन’ म्हणणाऱ्याची पुस्तकं पॅकिंगमध्येच राहतात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, दुपारचा अभ्यास विसरा आणि पहाटेचा धरा.

हाताची तयारी कुणी सांगत नाही, मी सांगतो. पेपर तीन तासांचा, पेनाने लिहायचा. दिवसभर टॅलीवर टकटक करणाऱ्या माणसाचा अंगठा चौथ्या पानाला आखडतो आणि अक्षर मुंग्यांची रांग होतं. प्रवेश झाला त्या आठवड्यापासून रोज दोन पानं हाताने लिहा, ज्या पेनाने परीक्षा देणार त्याच पेनाने. इग्नूत गृहकार्याला 30 टक्के वजन असतं. ते नेटवरून ढापण्यापेक्षा स्वतः लिहिलं तर सरावही होतो आणि मार्कही मिळतात. पदवी मराठीतून झाली असेल तर इंग्रजीला घाबरू नका. व्यवहार तुम्हाला येतोच, शब्द नवे आहेत. ताळेबंदाची दोन बाजूंची आकडेमोड उधारीच्या वहीतून समजून घ्या. संख्याशास्त्राला मात्र खरंच वेळ द्या, तिथे अनुभवाचा उपयोग होत नाही.

प्रोजेक्टचा विषय आत्ताच मनात धरा, आणि तो बाहेरून आणू नका. रावेर-यावलच्या केळीचा भाव बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे का बघतो, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीचा आणि भरिताच्या वांग्याचा त्या मानांकनामुळे भाव वाढला का, नंदुरबारच्या मिरचीची पॅकिंगआधी किती घट होते, तुमच्या डाळ मिलमध्ये माल किती दिवस पडून राहतो. यातला एक पुरेसा आहे. मिलच्या मालकाची आकडे वापरायची लेखी परवानगी सुरुवातीलाच घ्या, नंतर तो कचरतो. गाइड म्हणून जवळच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना गाठा आणि प्रस्तावावर त्यांची सही व बायोडेटा एप्रिल संपायच्या आत घेऊन ठेवा. मे लागला की कॉलेजला सुटी आणि सर पुतण्याच्या लग्नाला शिरपूरला.