आधी ‘श्री’, मग लगेच वाक्य

प्रबंधाचं लेखन नुकतंच सुरू केलेल्यांसाठी हे लिहितेय. जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, टिपणं झाली, आणि प्रकरण तीन काही हलेना, असं दीड वर्ष मी काढलंय. ते दिवस आठवले की आजही छातीत धडधडतं.

लिहायला बसण्याआधी आपली एक रीत असावी, असं माझं ठाम मत आहे. दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे मांडून आपण सरस्वती काढायचो, वहीच्या डोक्यावर ‘श्री’ लिहायचो. मन अशा खुणेला सरावतं.

पण सांभाळा! माझी रीत वाढत गेली. टेबल पुसायचं, उदबत्ती लावायची, आल्याचा चहा, पेनात शाई, मग मन लागावं म्हणून दोन पानं वाचन. साडेसहाला उठून पहिलं वाक्य लिहायला आठ वाजायचे, आणि साडेआठला डबा घेऊन बाहेर पडायचं. एवढं केलं की काम झाल्यासारखं वाटायचं. मी फसले ती इथेच. तयारी करून जे समाधान मिळतं ते लिहिल्याच्या समाधानासारखंच असतं, त्यामुळे पान कोरं राहिल्याचं कळतही नाही. पुढे आईच्या ऑपरेशनसाठी गावी राहिले. तिथे ते टेबल नाही, ते पेन नाही. चार महिन्यांत एक ओळ झाली नाही. रीत कसली, सोवळंच झालं होतं ते.

आता तारीख टाकते, कोपऱ्यात ‘श्री’, आणि कालचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचते. पाच मिनिटं, बस्स. रात्री उठताना वाक्य मुद्दाम अर्धं सोडते: ‘जात्याला देव म्हणणारी बाई सासरबद्दल बोलते तेव्हा...’ सकाळी ते पुरं करायला हात आपोआप जातो.

पहाटे चारलाच उठा म्हणणाऱ्या गाईडचं मनावर घेऊ नका. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्याची नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला बसायचा, घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटांत २५० शब्द लिहायचा. सगळे त्याची पहाट सांगतात. पण सुरुवातीचा अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा, ते कुणी सांगत नाही. आणि महागडं पेन घेऊ नका, खरंच नको.

चार महिने गेले म्हणून प्रबंध गेला नाही. माझं प्रकरण तीन शेवटी दवाखान्याच्या बाकावर, पाठकोऱ्या कागदांवर पुरं झालं.